पाचाच्या बटणावरचा ठिपका

आमची खाला मिरजेजवळच्या एका गावात राहते. वय ७४. काचबिंदूने तिची नजर गेली त्याला आता नऊ वर्षे झाली. खालूजान गेल्यापासून ती घरात एकटीच असते आणि ते घर सोडायला ती तयार नाही. मुलगा पुण्याला नोकरीला, आम्ही सांगलीत शाळेत. तिचा आणि आमचा सगळा संबंध एका जुन्या बटणांच्या फोनवर चालला होता. त्या फोनवरचे आकडे घासून पुसले गेले होते आणि मागचे झाकण चिकटपट्टीने धरून ठेवलेले होते. आकडे पुसले गेल्याचे तिला काहीच वाटत नव्हते, कारण ते तिला दिसतच नव्हते.

तिचा हिशेब असा होता. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. अंगठा आधी त्या ठिपक्यावर ठेवायचा. त्याच्या वरचे बटण दोनचे, ते दाबून धरले की पुण्याला मुलाचा फोन वाजतो. डावीकडचे चार, ते आम्ही. उजवीकडचे सहा, मागच्या गल्लीत राहणारी तिची नणंद. खालचे आठ, गावातले डॉक्टर. मधोमध ठिपका आणि चार दिशांना चार माणसे. अंथरुणावर पडल्या पडल्या, एका हातात तस्बीह असताना दुसऱ्या हाताने ती फोन लावायची. तिचा फोन चुकून भलतीकडे लागल्याचे आम्हाला आठवत नाही.

गेल्या वर्षी रमजानच्या आधी तिचा मुलगा टचस्क्रीनचा फोन घेऊन आला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. जुन्या फोनची बॅटरी फुगली होती, तसली बॅटरी आता मिळत नाही असे दुकानदाराने सांगितले होते, आणि पुण्यातल्या नातवंडांना दादी व्हिडिओवर दिसावी अशी इच्छा होती. त्याने पडद्यावर चार माणसांचे चार मोठाले चौकोन करून दिले. सेटिंगमध्ये जाऊन थरथर चालू केली. "काचेला बोट लागलं की फोन थरथरतो, म्हणजे अम्मीला बटण दाबल्यासारखंच कळेल," असे तो म्हणाला. आम्ही तिथेच बसलो होतो. आम्हीही म्हणालो, फार छान केलेस.

खालाने तीन दिवस प्रयत्न केला. चौथ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा तिने फोन आमच्या हातात दिला आणि म्हणाली, "ये तो कांच है बेटा. किधर बी हात लगाव, एकीच लगता." कुठेही हात लावा, सारखेच लागते. आम्ही तिला सवय होईल असे सांगून निघालो.

ईदनंतर महिन्याभराने एका रात्री तिची साखर उतरली. घाम सुटला, हात कापू लागले. उशाजवळचा फोन तिने घेतला आणि अंदाजाने उजवीकडच्या चौकोनावर, म्हणजे नणंदेच्या, बोट ठेवले. फोन थरथरला. तिला वाटले, लागला. ती वाट बघत राहिली. कोणी बोलेना. पुन्हा बोट ठेवले, पुन्हा थरथरला. असे किती वेळा झाले ते तिलाही सांगता येत नाही. प्रत्येक वेळी फोन थरथरत होता आणि एकही फोन लागत नव्हता, कारण पडदा कधीच दुसऱ्या कुठल्या पानावर सरकला होता. शेवटी तिने फोन बाजूला टाकला, चाचपडत फडताळातला खजुराचा डबा काढला आणि चार खजूर खाल्ले. फजरला नळावर तिची चाहूल लागली नाही म्हणून शेजारीण डोकावली, तेव्हा आम्हाला कळले.

खाला आता बरी आहे. पण त्या रात्रीचा विचार आमच्या डोक्यातून जात नव्हता. फोन बिघडलेला नव्हता, थरथरही चालू होती, मग जुन्या फोनमध्ये असे काय होते जे नव्यात नव्हते?

पोस्टातून रजिस्टर पत्र पाठवतो तेव्हा दोन गोष्टी लागतात. पाकिटावर पत्ता लागतो, आणि पत्र मिळाल्याची पोच लागते. बटण या दोन्ही गोष्टी बोटाला देते. दाबण्याच्या आधी ते आपला पत्ता सांगते: मी इथे आहे, माझी कड ही, माझ्या शेजारी दुसरे बटण आहे, माझ्यावर ठिपका आहे किंवा नाही. दाबल्यावर ते खाली जाते, खट् होते आणि वर येते. ही पोच. काचेचा फोन थरथरतो तेव्हा तो फक्त पोच देतो. पत्ता देत नाही. तीही कशाची पोच? बोट कुठेतरी लागले, एवढ्याचीच. खालाला त्या रात्री पोचेवर पोच मिळत होती आणि पत्र भलत्याच घरी पडत होते.

आणखी एक फरक आहे, तो आमच्या लक्षात उशिरा आला. बटणाला हात लावणे आणि बटण दाबणे ही दोन वेगळी कामे आहेत. बटणांवरून अंगठा फिरवत शोध घेता येतो. जोर दिल्याशिवाय काही घडत नाही. काचेच्या लेखी हात लावणे म्हणजेच दाबणे. त्यामुळे ज्याला चाचपून शोधायचे आहे त्याच्या हातून शोधतानाच गोंधळ होतो. आंधळ्या माणसाला चाचपडायला बंदी करण्यासारखेच हे झाले.

मराठीत बटणाला 'कळ' म्हणतात. कळ दाबली की काम होते, आणि काम झाले हे कळते. या दोन शब्दांचे कूळ एक असो वा नसो, हाताला मात्र ते एकच वाटतात. उर्दूच्या तासाला आम्ही 'हवास-ए-खम्सा', म्हणजे पंचेंद्रिये, शिकवतो तेव्हा मुले घोकतात: बासिरा, सामिआ, शाम्मा, जायका, लामिसा. लामिसा, म्हणजे स्पर्श, नेहमी शेवटी येतो आणि अर्धी मुले तोच विसरतात.

या लामिसाचे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. बोटाच्या कातडीत एकाच प्रकारचे नव्हे, अनेक प्रकारचे संवेदक असतात. त्यातले मर्केल नावाचे संवेदक वरच्या थरात असतात आणि कड, टोक, उंचवटा, आकार यांची बारीक खबर देतात. ब्रेल वाचताना यांचाच मोठा भरवसा असतो. दुसरे पाचिनी नावाचे संवेदक कातडीत खोलवर असतात. त्यांना आकाराशी काही देणेघेणे नसते; त्यांना थरथर समजते, आणि सेकंदाला सुमारे २०० ते ३०० कंपने असली की सर्वांत चांगली समजते. पण थरथर नेमकी कुठे झाली हे त्यांना नीट सांगता येत नाही, कारण एकेका संवेदकाच्या ताब्यात कातडीचा मोठा भाग असतो. फोनची मोटर तर सगळा फोनच हलवते. म्हणजे बटण बोटाच्या दोन्ही प्रकारच्या संवेदकांशी बोलते, थरथर एकाशीच बोलते. त्यातही वय वाढले की थरथर जाणवण्याची शक्ती कमी होत जाते, आणि मधुमेहात नसांना इजा होऊ लागली की थरथरीची जाणीव लवकर बोथट होते. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाच्या अंगठ्याला डॉक्टर कंप पावणारा चिमटा लावून "जाणवतंय का?" असे विचारतात ते यासाठीच. खालाला मधुमेह होऊन १५ वर्षे झाली आहेत. ज्या गोष्टीवर आम्ही तिला अवलंबून राहायला सांगितले, नेमकी तीच तिला सर्वांत कमी जाणवत असणार.

काचेला मात्र दोष देण्यात अर्थ नाही. बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना इंग्लंडमधल्या माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेतल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली मांडली, तीही विमानांच्या वाहतुकीवर देखरेख करणाऱ्यांसाठी, म्हणजे पडद्याकडेच डोळे लावून बसलेल्या माणसांसाठी. तिथे ती शोभते. आजच्या फोनच्या काचेखाली विजेचा अगदी नाजूक, पारदर्शक जाळीदार थर असतो. ओलसर, जिवंत बोट जवळ आले की त्या ठिकाणचा भार किंचित बदलतो आणि फोनला जागा कळते. म्हणूनच हातमोजा घातला की तो ऐकत नाही, हात पाण्याने भिजले असले की भलतेच ऐकतो, आणि म्हाताऱ्या माणसांच्या किंवा कष्टकऱ्यांच्या कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटांना पुष्कळदा दादच देत नाही. कणकेचे हात घेऊन इंडक्शनच्या शेगडीवरची काचेची बटणे लावून पाहिलेल्या कोणत्याही बाईला हे सांगायला नको.

काचेत खट् आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. २००८ साली ब्लॅकबेरी कंपनीने 'स्टॉर्म' नावाचा फोन काढला, त्याचा अख्खा पडदाच बटणासारखा खाली दाबला जायचा. लोकांना तो आवडला नाही. स्वस्त फोनमध्ये थरथरीसाठी जी चिमुकली मोटर असते तिच्या दांड्यावर एका बाजूला जड तुकडा बसवलेला असतो. ती फिरायला लागायला वेळ लागतो आणि थांबायलाही, म्हणून बोट उचलले तरी घुर्र चालूच राहते. महागड्या फोनमध्ये वजन फिरत नाही, सरळ रेषेत पुढेमागे हलते आणि क्षणात थांबते. ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मध्ये खालचे गोल बटण असेच केले. ते मुळीच खाली जात नाही, पण दाबल्यावर आतले वजन असा नेमका झटका देते की बोटाला ते दबल्यासारखे वाटते. फोन बंद करून दाबले की ती निव्वळ थंड काच. त्या बटणाने लोकांना फसवले ते फार सफाईने, पण त्या बटणाभोवती एक गोल खळगा आणि कडा होती, हे विसरून चालणार नाही. पत्ता त्या कडेने दिला होता. झटक्याने दिली ती पोच.

आम्ही बी.एड. होण्याआधी टायपिंगच्या क्लासला जात होतो. तिथले सर आमच्या हातांवर रुमाल टाकायचे. कळा दिसता कामा नयेत. महिन्याभरात बोटांना घर सापडले आणि डोळे कागदावर मोकळे झाले. आजही संगणकाच्या कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर बारीक रेघेचा उंचवटा असतो. मराठी इनस्क्रिप्टमध्ये तिथे पहिली वेलांटी आणि 'र' येतात. दोन्ही हातांच्या तर्जनी त्या रेघांवर टेकल्या की बाकीचा कीबोर्ड आपोआप हाताखाली येतो. फोनचे बटणांचे कोष्टक एक-दोन-तीनने वरून सुरू होते आणि कॅल्क्युलेटरचे सात-आठ-नऊने, हे किती जणांच्या लक्षात आले असेल? दोन्हींत पाच मात्र मधोमधच येतो. पैसे काढायच्या एटीएमच्या पाचावर हात फिरवून पाहा, तिथेही ठिपका सापडेल. आम्ही इतकी वर्षे ते बटण दाबले, पण तो ठिपका कोणासाठी आहे हे कधी मनात आले नव्हते.

तो कोणासाठी आहे हे आम्ही खरे तर एकदा फार जवळून पाहिले होते. शिक्षक म्हटला की निवडणुकीची ड्युटी आली. एका मतदान केंद्रावर दुपारच्या उन्हात एक अंध गृहस्थ आले. नियमाप्रमाणे सोबत्याला आत नेता येते, त्यांचा मुलगा बरोबर होता. ते म्हणाले, मला ब्रेल येते, मी एकटा जातो. आपल्या मतदान यंत्रावर निळ्या बटणांच्या उजवीकडे ब्रेलमध्ये क्रमांक कोरलेले असतात, आणि उमेदवारांची ब्रेलमधली यादी केंद्राध्यक्षांकडे असते. त्यांनी यादी बोटांनी वाचली आणि आडोशामागे गेले. आम्ही सगळे गप्प. थोड्या वेळाने लांबलचक बीप वाजला. त्यांनी कोणाला मत दिले ते आम्हाला कळले नाही, कळायचे कारणही नव्हते. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, "झालं." या यंत्रात बटणाचा उंचवटा आणि ब्रेल म्हणजे पत्ता, लाल दिवा, बीप आणि काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी म्हणजे पोच. त्यातल्या दिव्याचा आणि चिठ्ठीचा त्या गृहस्थांना उपयोग नव्हता. बटणाचा आणि बीपचा होता, आणि त्यांचे गुपित त्यांच्याजवळ राहायला तेवढे पुरले.

कोणी म्हणेल, हा अंधांचा आणि म्हाताऱ्यांचा प्रश्न आहे. तसे नाही. डोळस माणसाचेही डोळे कामात असतात तेव्हा तो बोटांवरच चालतो. अमेरिकेच्या नौदलाची जॉन एस. मॅकेन ही युद्धनौका २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळच्या गजबजलेल्या समुद्रात एका तेलवाहू जहाजावर आदळली. दहा नौसैनिक गेले. त्या नौकेचे सुकाणू आणि इंजिनांचा वेग टचस्क्रीनवर चालत होता. एका खलाशावरचा भार हलका करण्यासाठी वेगाचे काम शेजारच्या जागेवर द्यायचे ठरले. ते देताना सुकाणूही नकळत तिकडे गेले. इकडच्याला वाटले सुकाणूच निकामी झाले. त्यात दोन बाजूंच्या इंजिनांचे वेग एकमेकांशी जोडलेले नव्हते. एका बाजूचा कमी झाला, दुसरीचा तसाच राहिला आणि नौका वळत गेली. चौकशी करणाऱ्या संस्थेने प्रशिक्षणाच्या आणि देखरेखीच्या उणिवांवर ठपका ठेवला, तो रास्तच आहे. पण पडद्याच्या रचनेमुळे चूक होण्याची शक्यता वाढली हेही नोंदवले. लोखंडी दांडा हातात असता तर दोन्ही दांडे एका रेषेत आहेत की नाहीत हे तळहातालाच कळले असते. २०१९ साली त्या नौदलाने अशा नौकांवर पुन्हा हाताने ओढायचे दांडे बसवण्याचे जाहीर केले.

रस्त्यावरही हेच. स्वीडनमधल्या 'वी बिलेगारे' या मोटारींच्या मासिकाने २०२२ साली एक साधी चाचणी घेतली. ११ नव्या गाड्या आणि २००५ सालची बटणांची एक जुनी व्होल्व्हो. ताशी ११० किलोमीटरने गाडी चालवताना रेडिओ लावणे, गरम हवा वाढवणे अशी चार कामे करायची. जुन्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत झाली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे राहिलेल्या नव्या गाडीत ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. जवळजवळ दीड किलोमीटर चालकाचे डोळे रस्ता सोडून पडद्यावर जाऊन येत होते. आमच्या मेहुण्यांच्या नव्या गाडीतून आंबा घाटात आम्ही हे अनुभवले आहे. पावसात समोरची काच धुरकटली, वारा काचेवर सोडायचे चित्र पडद्यावर तिसऱ्या पानावर, आणि मेहुणे वळणावर एका बोटाने ते शोधत होते. आमच्या तोंडून 'या अल्लाह' निघाले, ते उगाच नव्हे. मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरोपातल्या 'युरो एनकॅप' संस्थेने २०२६ पासून गुणांची रीत बदलली आहे. दिशादर्शक, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि तातडीची हाक, यांना खरी बटणे किंवा दांडे नसतील तर गाडीचे गुण कापले जातात.

दुसरी बाजू सांगितली नाही तर आमच्याकडून अन्याय होईल. अनेक अंध तरुण टचस्क्रीनचे फोन आमच्यापेक्षा वेगाने वापरतात. २००९ साली आयफोनमध्ये पडदा वाचून दाखवणारी सोय आली, अँड्रॉइडमध्ये तिला 'टॉकबॅक' म्हणतात. ती चालू केली की बोट फिरवताना फोन बोटाखालच्या वस्तूचे नाव बोलतो, आणि ती वस्तू उघडायची असेल तर पडद्यावर दोनदा टिचकी मारावी लागते. नीट पाहिले तर यात काय केले आहे? हरवलेला पत्ता कानाच्या वाटेने परत दिला आहे, आणि हात लावणे व दाबणे ही दोन कामे पुन्हा वेगळी केली आहेत. म्हणजे हुशार माणसांनी काचेवर बटणच परत बांधले. खालाच्या फोनवर आम्ही तेही लावून पाहिले. फोन हिंदीत बोलू लागला. पण खालाला आता ऐकूही कमी येते, आणि तिच्या कापऱ्या बोटाच्या दोन टिचक्या फोनला कधी एक वाटायच्या, कधी तीन. वीस वर्षांच्या मुलाला हे आठवड्यात जमते. तिला जमले नाही म्हणून तिला नावे ठेवण्यात काय अर्थ?

तिच्या हातातल्या तस्बीहकडे त्या दिवशी आम्ही बराच वेळ बघत होतो. ९९ मणी, प्रत्येक ३३ नंतर वेगळ्या आकाराचा एक मणी, आणि शेवटी लांबट 'इमाम'. मोजावे लागत नाही, बघावे लागत नाही. वेगळा मणी अंगठ्याखाली आला की ३३ झाले. नातवाने नव्या फोनवर तस्बीहचे ॲपही घालून दिले होते, ३३ झाले की ते थरथरते. खालाने ते एकदाच वापरले. बोट चौकोनाबाहेर गेले की मोजणी थांबते आणि आपल्याला ते कळतही नाही, ही तिची तक्रार. बाजारात बोटात घालायचे छोटे बटणाचे यंत्र मिळते, ते निदान खट् तरी करते.

मग मुलाला पुण्याहून बोलावून घेतले. त्याला फार वाईट वाटत होते, आणि चूक त्याची एकट्याची नव्हतीच. आम्ही दोघे मिळून दुकानात गेलो. बटणांचे फोन अजून मिळतात, पण घेताना काही गोष्टी बघाव्या लागतात. सगळ्या कंपन्यांचे जाळे आता जुन्या पद्धतीचे राहिलेले नाही, काही केवळ फोर-जी आणि त्यापुढच्या पद्धतीवरच चालतात. म्हणून फोर-जीवर बोलता येणाराच बटणांचा फोन घ्यावा. दुकानातच डोळे मिटून पाचाचा ठिपका अंगठ्याला सापडतो का ते पाहावे, कारण कित्येक फोनांत तो नावालाच असतो, आणि काहींत बटणांच्या मधली फट इतकी सपाट की सगळा कीबोर्ड एकच पाटी वाटते. आम्ही पाच फोन हाताळले. दुकानदार आधी हसला, मग स्वतः डोळे मिटून बघू लागला. काही फोनांना मागे किंवा बाजूला मदतीचे वेगळे बटण असते. आकडा दाबला की तो बोलून दाखवणारे फोनही असतात. पैशांसाठी मोठा फोनच लागतो असेही नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' सुरू केले आहे. अर्थात खालाचे पैसे नणंदेचा मुलगा बघतो, तो भाग वेगळा.

ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांकडे टचस्क्रीनच ठेवायचा आहे, त्यांनी त्या फोनवर उरलेली खरी बटणे कामाला लावावीत. सगळे पडद्यावर नेणाऱ्या कंपन्यांनीही आवाजाची आणि चालू-बंदची बटणे कडेला ठेवलीच आहेत. ॲपलने तर २०२३ आणि २०२४ च्या महाग फोनांत नवी बटणे वाढवली. नव्या अँड्रॉइड फोनांत चालू-बंदचे बटण लागोपाठ पाच वेळा दाबले की तातडीचा फोन लागावा अशी सोय सेटिंगमध्ये करता येते. ती आजच करून द्या, आणि करून देऊन थांबू नका, त्यांच्याच हाताने दाबायला लावून पाहा. घरातल्या धुलाई यंत्राला किंवा शेगडीला सपाट बटणे असतील तर नेहमीच्या बटणाच्या शेजारी नेलपॉलिशचा जाड थेंब वाळवून ठिपका करता येतो. काचेच्या शेगडीवर तो शेजारीच करावा, बरोबर वर नको, नाहीतर शोधता शोधताच शेगडी पेटायची.

टचस्क्रीनचा फोन खालाकडेच आहे. शुक्रवारी नमाजनंतर नणंदेची नात येते, तो उभा करून ठेवते आणि पुण्याची मुले दादीला बघतात. नव्या बटणांच्या फोनमध्ये आम्ही पहिल्यासारखेच चार नंबर चार दिशांना बसवले. खालाने तो हातात घेतला, अंगठा एकदा सगळ्या बटणांवरून फिरवला, मधला ठिपका सापडला तेव्हा तिथेच थांबवला. काही बोलली नाही. आम्ही सांगलीला परत आलो.

त्या रात्री साडेदहाला आमचा फोन वाजला. खालाचा नंबर. आमच्या छातीत धस्स झाले.

"क्या हुआ खाला?"

"कुछ नै. चार लगता क्या देखी."

मग सहा लागतो का ते बघायला तिने आमचा फोन ठेवून दिला.